माणूस किती थरांचा? पाच कोश, चार देह, सात तत्त्वं... आकडे जुळत का नाहीत?

उंबरठा
माणूस म्हणजे नुसतं हाडामांसाचं शरीर नाही, आत आणखी काहीतरी आहे, असं सांगणारी पुस्तकं गेले काही महिने वाचतोय. 'आणखी काहीतरी' यावर सगळ्यांचं एकमत. किती, यावर मात्र दोघांचंही जमत नाही.

तैत्तिरीय उपनिषदात पाच कोश, म्हणजे आवरणं: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. दासबोधात पिंडाचे चार देह (स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण) आणि ब्रह्मांडाचे आणखी चार, म्हणजे एकूण आठ. सांख्यांची तत्त्वं पंचवीस. थिऑसॉफीवाले (सगळ्या धर्मांतलं गूढज्ञान एकत्र मांडू पाहणारी मंडळी) सात म्हणतात. त्यांच्यातूनच फुटून निघालेला रुडॉल्फ स्टायनर चारावर येतो: भौतिक देह, ईथरिक देह, अ‍ॅस्ट्रल देह आणि 'मी'. यहुद्यांच्या कबालात, म्हणजे त्यांच्या गूढविद्येत, जीवाच्या पाच पायऱ्या. प्राचीन इजिप्तमध्ये तर माणसाचं नाव आणि त्याची सावली हेसुद्धा त्याचे घटक.

प्रश्न साधा आहे. हे कुणी दिव्यदृष्टीने बघून सांगितलं असेल, तर मोजणीत एवढी तफावत का? आणि बघितलेलं नसेल, बसल्या जागी विचार करून मांडलं असेल, तर त्यात गूढ काय?

आगाऊ विनंती: 'अनुभव घ्या, मग कळेल' हा प्रतिसाद कृपया देऊ नये.

दुसरा_चार्वाक
एकच थर आहे. स्थूल. माझा जरा जास्तच.

पाऊलवाट
अनुभव घ्या, मग कळेल.

(राहवलं नाही. हलकेच घ्या. सविस्तर नंतर लिहिते.)

अर्धविराम
उंबरठा, तुम्ही तैत्तिरीयातली यादी उचललीत आणि गोष्ट सोडून दिलीत. खरी गंमत त्याच उपनिषदाच्या भृगुवल्ली या भागात आहे. भृगू बापाकडे, वरुणाकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण फक्त एक खूण सांगतो: ज्यातून ही भूतं जन्मतात, ज्याच्यावर जगतात आणि ज्यात परत शिरतात, ते. आणि म्हणतो, तप कर. पोरगा तप करतो आणि ठरवतो की अन्न हेच ब्रह्म. खूण तर पटते! पण समाधान होत नाही, म्हणून परत बापाकडे. बाप 'चुकलास' म्हणत नाही, 'बरोबर' म्हणत नाही, पुढचं उत्तरही देत नाही. पुन्हा तेच: तप कर. मग प्राण, मग मन, मग विज्ञान. दर वेळी भृगू परत येतो, दर वेळी तेच ऐकतो. पाचव्यांदा 'आनंद' कळतो आणि त्यानंतर तो बापाकडे परत गेल्याचा उल्लेखच नाही. विचारायला काही उरलंच नाही.

आता सांगा, ही शरीररचनेची माहिती आहे का? मला ही चौकशीची पद्धत वाटते. 'मी' म्हणजे काय, याचं एक उत्तर धरायचं, ते नीट तपासायचं, अपुरं वाटलं तर आणखी आत जायचं. पाच हा आकडा त्या चौकशीत पडलेल्या पावलांचा आहे.

आणखी एक. ब्रह्मानंदवल्लीत या पाचांपैकी प्रत्येकाचं वर्णन पक्ष्यासारखं केलंय: डोकं, उजवा पंख, डावा पंख, धड, शेपूट. प्राणमयाचं डोकं प्राण, उजवा पंख व्यान, डावा अपान, धड आकाश, शेपूट पृथ्वी. कुणी दिव्यदृष्टीने आत बघितलं आणि तिथे पक्षी बसलेला दिसला, असं समजायचं का? हे ध्यान धरायला दिलेलं चित्र आहे.

उंबरठा
अर्धविराम, हे पटण्यासारखं आहे. पण थिऑसॉफीचं काय? ते तर ठामपणे सांगतात की हे खरोखरचे देह आहेत, सूक्ष्म द्रव्याचे बनलेले, एकात एक शिरलेले, रंगीत, आणि तयार नजरेला दिसणारे. तिथे 'चौकशीची पद्धत' म्हणून सुटका होत नाही.

शेवाळ
माझा प्रांत आला. आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकांवर वाढले आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट ही मुख्य मंडळी. पुढे मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला आलं. सात तत्त्वांची यादी गाजली ती ए. पी. सिनेटच्या १८८३ च्या पुस्तकामुळे: स्थूल शरीर, प्राण, लिंगशरीर, कामरूप, मनस, बुद्धी, आत्मा. सिनेटचं म्हणणं, ही माहिती हिमालयापलीकडच्या महात्म्यांच्या पत्रांतून मिळाली.

पण ही सातांची मांडणी सोसायटीच्या आतही बिनविरोध नव्हती. टी. सुब्बा राव हे तिथले मोठे वेदान्ती. १८८६ च्या डिसेंबरात अड्यारला त्यांनी गीतेवर व्याख्यानं दिली आणि त्यात स्पष्ट सांगितलं की ही सातांची विभागणी सोयीची नाही, तीन उपाधी (आत्म्यावरची आवरणं) आणि चौथा आत्मा एवढं पुरे. ब्लाव्हाट्स्कीबाई चिडल्या, छापील वाद झाला. गंमत म्हणजे १८८८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात बाईंनी स्वतःच तक्ता दिला आहे: एका रकान्यात सात तत्त्वं, दुसऱ्यात वेदान्ताचे पाच कोश, तिसऱ्यात तारक राजयोगाच्या तीन उपाधी आणि आत्मा. म्हणजे उंबरठा, तुमचा हा धागा एकशेतीसहून जास्त वर्षांपूर्वीच निघाला होता आणि तेव्हाही त्यावर हाणामारी झाली होती.

पुढच्या पिढीने, म्हणजे अ‍ॅनी बेझंट आणि लेडबीटर यांनी, यादी पुन्हा हलवली. लिंगशरीराच्या जागी ईथरिक जोडदेह आला, आणि १९०२ मध्ये लेडबीटरने रागीट माणसाचं, प्रेमात पडलेल्या माणसाचं, कंजूष माणसाचं तेजोवलय कसं दिसतं याची रंगीत चित्रंच छापली. आज 'ऑरा' म्हणून जे काही विकलं जातं त्याचं माहेर तिथे आहे.

तरी या लोकांची टिंगल सरसकट करू नये असं मला वाटतं. उपनिषदं, बौद्ध विचार, कबाल, नवप्लेटोवाद हे सगळं एका टेबलावर मांडून तुलना करायची हिंमत त्या काळात किती जणांना होती?

दुसरा_चार्वाक
हिमालयातल्या महात्म्यांची पत्रं टपालाने यायची की थेट छतातून पडायची, तेही सांगा ना शेवाळताई. १८८५ मध्ये लंडनच्या अतींद्रिय संशोधनवाल्या सोसायटीने हॉजसनचा अहवाल छापला. त्यात बाईंना सरळ लबाड ठरवलं होतं.

शेवाळ
चार्वाकराव, अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच सोसायटीच्या नियतकालिकात १९८६ साली व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने हॉजसनच्या अहवालाची चिरफाड केली. पुरावे एकतर्फी वापरले, असं त्याचं म्हणणं. त्याने बाई निर्दोष ठरत नाहीत, पण 'लबाडी सिद्ध झाली' असंही म्हणता येत नाही.

तिरकस
आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असतं एवढं माहीत आहे. सात तत्त्वं असतील तर प्रत्येकी तीन ग्रॅम. हिशोब जुळला, धागा बंद करा.

निरुत्तर
तिरकस, त्या २१ ग्रॅमची जन्मकथा ऐका. १९०७, अमेरिकेतला डंकन मॅकडूगल नावाचा डॉक्टर. मरणपंथाला लागलेल्या सहा रुग्णांना खाटेसकट वजनकाट्यावर ठेवलं. सहांपैकी एकाचं वजन मरणाच्या क्षणी पाऊण औंसाने घटलं, ते तुमचे २१ ग्रॅम. बाकीच्यांत कुणाचं घटून पुन्हा वाढलं, कुणाचं उशिरा घटलं, दोन मोजण्या तर त्याने स्वतःच बाद केल्या. नंतर पंधरा कुत्र्यांवर तोच प्रयोग करून वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नाही असा निष्कर्ष.

तिरकस
आमच्या कुत्र्याला हे वाचून दाखवलं. त्याचं मत असं की डॉक्टरलाच नव्हता.

मधली_सुट्टी
ऑराचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव. एका कार्यशाळेत (नाव देत नाही) यंत्रावर तळहात ठेवायचा आणि पडद्यावर आपला फोटो भोवतालच्या रंगांसकट यायचा. मी जिने धावत चढून गेले होते, तळहात घामेजलेला. माझं वलय आलं लालभडक. बाईंनी 'मूलाधार असंतुलित, राग साठलाय' असं निदान करून शुद्धीची सत्रं सुचवली. मी पंख्याखाली निवांत बसले, हात रुमालाने कोरडा केला आणि रांगेत पुन्हा उभी राहिले. या वेळी निळसर-जांभळं वलय, 'तुम्ही जुना आत्मा आहात'. रुमालाने एवढी आध्यात्मिक प्रगती होते हे माहीत नव्हतं.

अशी यंत्रं तळहाताची विद्युतवाहकता वगैरे मोजून त्यावरून रंग भरतात. किर्लियन छायाचित्रणाचंही तेच. १९३९ मधला सोव्हिएत शोध. उच्च दाबाच्या विजेमुळे वस्तूच्या कडेने ठिणग्यांची झालर उमटते, आणि ओलावा बदलला की झालर बदलते.

अर्धविराम
+१. इंद्रधनुष्याच्या क्रमाने सात चक्रांचे सात रंग, हा प्रकारही विसाव्या शतकातला. पूर्णानंदांचं षट्चक्रनिरूपण १५७७ चं. त्यात मूलाधारात पृथ्वीचा पिवळा चौकोन आहे, मणिपुराच्या पाकळ्या पावसाळी ढगासारख्या गडद आहेत, विशुद्धाच्या धुरकट जांभळ्या. आजच्या तक्त्यांत मूलाधार लाल आणि मणिपूर पिवळं. पाकळ्यांचा हिशोब मात्र बघण्यासारखा आहे: ४, ६, १०, १२, १६, २. बेरीज पन्नास, आणि पन्नास पाकळ्यांवर वर्णमालेची पन्नास अक्षरं. हे न्यासाचं (अंगावर मंत्राक्षरं ठेवण्याचं), मंत्राचं तंत्र आहे. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चक्रं चारच. ज्या साधनेला जितकी लागली तितकी घेतली.

कोरीपाटी
मी इथे वाचनमात्र असते, पण आज लिहिते. सासऱ्यांचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. घरी आल्यावर एका दुपारी म्हणाले, 'सूनबाई, अंगठा खाजतोय.' डावा खाजवला तर म्हणाले, 'हा नव्हे, तो.' मला काय करावं सुचेना. चादरीवर, जिथे तो अंगठा असता तिथे, बोटांनी खाजवलं. ते डोळे मिटून म्हणाले, 'जरा डावीकडे.' तसं केलं, तर 'हां, बरं वाटलं.'

पाय नाही, मग खाजतंय काय? लिंगदेहाचा पाय तसाच राहतो म्हणतात, तो हाच का?

पाऊलवाट
कोरीपाटी, काय लिहिलंय! माझ्या मते हाच. स्थूल गेला, सूक्ष्म आहे.

दुसरा_चार्वाक
कोरीपाटी, तुम्ही जे केलंत तेच शास्त्रज्ञांनी नंतर पद्धतशीर केलं, म्हणून थट्टा न करता लिहितो. आपल्या शरीराचा आराखडा मेंदूत असतो. पाय गेला तरी आराखडा जात नाही. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरसा वापरला: शाबूत अवयवाचं प्रतिबिंब गेलेल्याच्या जागी दिसेल असं ठेवायचं. काही रुग्णांचा आखडलेला, नसलेला हात त्याने 'सैल' झाला. १९९८ चा रबरी हाताचा प्रयोग तर धडधाकट माणसावरचा आहे. स्वतःचा हात पडद्याआड, समोर रबरी, दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला की थोड्या वेळात रबरी हात आपलाच वाटायला लागतो. आता रबराला लिंगदेह आला का?

आणि देहाबाहेर जाण्याच्या अनुभवाबद्दल: २००२ मध्ये ओलाफ ब्लांकेच्या गटाने अपस्माराच्या एका रुग्ण बाईंच्या मेंदूत उजव्या बाजूला एका ठिकाणी सौम्य वीज सोडली. बाई म्हणाल्या, मी वरून स्वतःला पलंगावर बघतेय, पण फक्त पाय आणि कमरेखालचा भाग दिसतोय. अर्धवट आत्मा बाहेर पडला असेल तर माहीत नाही.

अर्धविराम
मेंदूची कळ दाबली की अनुभव येतो, हे मान्य. मेंदूची कळ दाबून लाल रंगही दाखवता येईल, म्हणून जगात लाल काही नाही असं ठरत नाही.

दुसरा_चार्वाक
लाल वस्तू दुसऱ्यालाही दिसते की. तशी तपासणी करून बघितली आहे. रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून त्यावर फक्त वरून दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ मध्ये निकाल छापला, २०६० हृदयक्रिया बंद पडल्याच्या घटना. एकानेही चित्र ओळखलं नाही.

निरुत्तर
ज्या दोघांनी त्या वेळचं बघितल्या-ऐकल्याचं सांगितलं, ते फळ्या नसलेल्या जागी होते, हेही लिहा. अभ्यासातून 'हो' निघालं नाही. 'नाही' म्हणण्याइतकाही माल त्यात नव्हता.

आता मूळ धाग्यावर. इथे सगळे धरून चालले आहेत की थर असतील तर आत कुणी मालक असणार. कठोपनिषदातला रथ आठवा: शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि आत बसलेला आत्मा रथी. हाच रथ नागसेन भिक्खू मिलिंद राजापुढे उभा करतो. राजा, तू रथातून आलास ना? मग सांग, दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? सगळं वगळून रथ उरतो का? राजा दर वेळी 'नाही' म्हणतो. मग नागसेन म्हणतो, तसंच 'नागसेन' हे नुसतं नाव, रूप-वेदना-संज्ञा-संस्कार-विज्ञान या पाच स्कंधांवर, म्हणजे घटकांच्या गठ्ठ्यांवर, ठेवलेलं.

रथ एकच. कठात तो मालकासाठी जोडला, इथे मालक शोधायला सुटा केला. पाच कोश आणि पाच स्कंध दोन्ही सोलायलाच आहेत, पण सोलून झाल्यावर काय हाती येतं यावर वाद अडीच हजार वर्षं चालू आहे.

पाऊलवाट
बुद्धाने आत्मा नाही असं कुठे म्हटलं? वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने 'आत्मा आहे का?' विचारलं, बुद्ध गप्प. 'मग नाही का?' विचारलं, तरी गप्प.

निरुत्तर
आणि तो निघून गेल्यावर आनंद या शिष्याने विचारलं तेव्हा गप्प का राहिलो तेही बुद्धाने सांगितलं. 'आहे' म्हटलं तर शाश्वतवाद (आत्मा कायम टिकतो), 'नाही' म्हटलं तर उच्छेदवाद (मरणाबरोबर सगळं संपतं). बिचारा आधीच गोंधळलेला, 'कालपर्यंत होता, आज गेला' म्हणत बसला असता.

तिरकस
या धाग्यावरही कुणीतरी गप्प राहून उत्तर द्यावं. पुढाकार घेत नाही, फक्त सुचवतोय.

सांजवेळ
सगळं वाचलं. एक विचारू? वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. मला ओळखत नाहीत, 'साहेब' म्हणतात. हिशोबात मुरलेला माणूस, आता घड्याळ वाचता येत नाही. तुमच्या यादीप्रमाणे विज्ञानमय गेलं, मनोमयही बरंचसं गेलं. पण जेवायला बसलो की पहिला घास घेण्याआधी समोरच्या माणसाचं ताट भरलंय का, हे ते अजून बघतात. नसेल तर आपलं ताट पुढे सरकवतात. आयुष्यभर तेच करत आले. हे कुठल्या कोशात असतं?

अर्धविराम
सांजवेळ, वेदान्ताचं उत्तर ठरलेलं आहे: आठवणी म्हणजे ते नव्हेत, आठवणी जाताना ज्याच्यासमोर जातात तो साक्षी शाबूत आहे. मी हे उत्तर मानतो. पण तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, हेही दिसतंय. साक्षी सगळ्यांचा सारखाच, ताट पुढे सरकवणं तुमच्या वडिलांचं. शास्त्रात त्याला संस्कार म्हणतील आणि कारणदेहात ठेवतील.

दुसरा_चार्वाक
सवयींची स्मृती मेंदूत वेगळ्या भागांत असते, ती बऱ्याचदा उशिरा जाते. माझ्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे: मेंदू झिजतो तसा माणूस झिजतो. पण आज तो दामटावासा वाटत नाही. काळजी घ्या. स्वतःचीही.

पाऊलवाट
सविस्तर लिहिणार होते ते आता. रोज बसते. कधी कधी हाताची कड कुठे संपते ते कळेनासं होतं, मग श्वास तेवढा राहतो, मग 'मी श्वास बघतेय' हा विचारही मधूनच गळतो. थर मोजलेले नाहीत. गुरूंना विचारलं होतं, हा प्राणमय का? ते म्हणाले, बसताना नाव ठेवायला गेलीस तर मनोमयातच राहशील. चार्वाकराव म्हणतील मेंदू. असेना. मला त्याची अडचण वाटत नाही.

उंबरठा
धागा भलताच पुढे गेला. मूळ प्रश्न पुन्हा टेबलावर ठेवतो: आकडे का जुळत नाहीत? शेवाळ आणि अर्धविराम यांचं वाचून जे हाती लागलं ते लिहितो, खोडा.

शिंपी आणि डॉक्टर एकाच माणसाचं माप घेतात आणि दोघांच्या वहीतले आकडे जुळत नाहीत, तसं हे असावं. चार देह येतात ते जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुर्या या चार अवस्थांवरून; मांडूक्य उपनिषदाच्या बारा मंत्रांत ती चौकट तयार आहे, दासबोध तिलाच देह जोडतो. पाच येतात ते भृगूच्या चौकशीतून. सांख्यांना बंध आणि सुटका यांची यंत्रणा उलगडायची होती, म्हणून पंचवीस सुटे भाग. थिऑसॉफीला मरणानंतर काय विरतं आणि काय पुढच्या जन्मात जातं याचं वेळापत्रक हवं होतं, म्हणून सात. तेव्हा 'खरे किती?' याआधी 'कशासाठी मोजले?' हे विचारायला हवं.

शेवाळ
बरंचसं मान्य. पण थिऑसॉफिस्टांना हे आवडणार नाही. त्यांचा दावा बघण्याचा आहे, आणि बघण्याचा दावा केला की बघणाऱ्यांचं आपसांत जुळायला हवं. तिथे ते अडकतात. कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून याच मंडळींनी वाढवलं, आणि १९२९ मध्ये नेदरलँड्समधल्या ओमेनला कृष्णमूर्तींनी आपल्यासाठी काढलेली संघटनाच बरखास्त केली. त्यानंतर त्यांच्या बोलण्यात देहांच्या याद्या सापडत नाहीत.

अर्धविराम
उंबरठा, एकच दुरुस्ती. पाचवा आनंदमय हे ब्रह्मच की तेही एक आवरण, यावर शंकराचार्य आणि रामानुजाचार्य समोरासमोर आहेत. ब्रह्मसूत्रांत 'आनंदमयोऽभ्यासात्' हे सूत्र घेऊन दोघांनी पानंच्या पानं लढवली आहेत. म्हणजे पाच तरी पाचच का, हाही वादच. वेगळा धागा काढा.

मधली_सुट्टी
काढाच. आणि जाता जाता: सूक्ष्म शरीराचे अवयव सांख्यात अठरा आणि वेदान्तात सतरा, असं वाचलं. एक कुठे गळाला?

निरुत्तर
सांख्य: बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं, पाच तन्मात्रा (शब्द, स्पर्श वगैरे सूक्ष्म तत्त्वं). अठरा. वेदान्तसार: बुद्धी, मन, दहा इंद्रियं, पाच प्राण. सतरा. तन्मात्रांच्या जागी प्राण आले आणि अहंकार यादीतून गेला.

दुसरा_चार्वाक
म्हणजे वेदान्तात शिरताना अहंकार दाराबाहेर काढून ठेवतात? या संस्थळावरही लॉगिनच्या वेळी अशी सोय करता येईल का?

निरुत्तर
बाहेर नाही ठेवला. मन आणि बुद्धी यांच्यातच धरलाय. आत आहे, फक्त वेगळा दाखवत नाहीत.

तिरकस
मग आहे की सोय. सगळ्यांनी आधीच वापरली आहे.